टाळातला दुसरा आवाज आणि परदेशातून मागवलेला कॉम्प्रेसर

८ आणि ९ जून २०२४, शनिवार-रविवार. पालखी प्रस्थानाच्या आधी रेकॉर्डिंग उरकायचं असं भजनी मंडळानं ठरवलं होतं, कारण नंतर निम्मे लोक वारीत. मिरजेपासून अर्ध्या तासावरच्या गावातला विठ्ठल मंदिराचा सभामंडप, आठ अभंग, आठ माइक. बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, टाळांवर वरून दोन आणि मागं म्हणणाऱ्यांना दोन. सगळे एकत्रच बसून गाणार होते. वेगवेगळं रेकॉर्ड करू का, असं मी एकदा विचारलं, तर बुवा म्हणाले, "तसं भजन व्हत नसतंय." खरंच आहे ते. पण त्यामुळं बुवांच्या माइकमध्ये टाळ, टाळांच्या माइकमध्ये पखवाज, असं सगळं एकमेकांत मिसळलेलं होतं.

जुलैभर संध्याकाळी बसून मी मिक्सिंग केलं, सगळं लॅपटॉपवर, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्लगइन्स (त्यात जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) वापरून. बुवांच्या आवाजावर कॉम्प्रेसर (आवाज मोठा झाला की आपोआप दाबणारा), पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूला थोडा खर्ज, टाळांवर १९६७ सालच्या ११७६ या कॉम्प्रेसरची नक्कल करणारं प्लगइन. १४ जुलैला मंडळातले तिघंजण ऐकायला आले. बुवा खूश. पखवाजवाले खूश. तात्या मात्र हेडफोन काढून गप्प बसले. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढं आहे आणि त्यांचे टाळ त्यांच्या वडिलांचे आहेत. दोनदा विचारल्यावर म्हणाले, "माज्या टाळात ह्यो दुसरा आवाज कुठनं आला? आतनं काय तरी चिरकतंय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तात्यांना मात्र येत होतं, आणि ते उगीच बोलणारे नाहीत. हे सगळं लिहायचं कारण तेच. तात्यांच्या त्या एका वाक्यामागं मी चार महिने होतो आणि ८७ हजार रुपये खर्च केले. कुणी घरच्या स्टुडिओत पहिल्यांदा हार्डवेअर आणायच्या विचारात असेल, तर कुठं काय अडतं ते कळावं.

ओळखीच्या एका जुन्या साउंडवाल्यांना फाइल ऐकवली. त्यांचं मत ठाम होतं: हा प्लगइनचा दोष, खरं यंत्र लाव, जाईल. ११७६ बद्दल मी इतकं वाचलं होतं की मला ते पटलंच. बिल पटनम यांनी बनवलेलं हे यंत्र. आवाज दाबायचं काम ट्यूबऐवजी फेट नावाचा ट्रान्झिस्टर करतो आणि तो अतिशय वेगानं करतो. अटॅक, म्हणजे आवाज मोठा झाल्यावर तो दाबायला लागणारा वेळ, २० मायक्रोसेकंदांपासून ८०० मायक्रोसेकंदांपर्यंत. टाळांसारख्या क्षणात वाजून जाणाऱ्या वाद्याला हेच हवं, असं कुणालाही वाटेल. मूळ यंत्र परवडणारं नव्हतं. त्याच धाटणीचं नव्यानं बनवलेलं एक युनिट अमेरिकेतल्या दुकानात ६०० डॉलरना होतं, तेव्हाच्या दरानं साधारण ५० हजार. पाठवणावळ ९० डॉलर, म्हणजे साडेसात हजार. २२ जुलैला कार्डानं पैसे भरले. परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी मिळून बँकेनं आणखी सुमारे २,४०० घेतले, ते मी हिशोबात धरलेच नव्हते.

३० जुलैला ट्रॅकिंगवर दिसलं की खोकं मुंबईत आलं. पुढं दोन दिवस काहीच हालचाल नाही. १ ऑगस्टला कुरिअरकडून केवायसीची मेल आली: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. ते त्याच दिवशी पाठवलं. ३ तारखेला दुसरी मेल, वस्तूच्या वर्गीकरणाबद्दल शंका आहे, खुलासा द्या. फोनवर बराच वेळ गेल्यावर उलगडा झाला. दुकानाच्या बिलावर वस्तूचं नाव एवढंच होतं: 'कॉम्प्रेसर'. ते हवा दाबायचा कॉम्प्रेसर समजून यंत्रसामग्रीच्या ८४ क्रमांकाच्या प्रकरणात गेलं होतं. विजेच्या उपकरणांचं प्रकरण ८५. चुकीच्या जागी गेलेली वस्तू परत योग्य जागी आणायला मला सहा दिवस लागले. त्यासाठी चार कागद द्यावे लागले: दुकानाकडून दुरुस्त करून घेतलेलं बिल, कार्डाच्या पावतीची प्रत, कंपनीच्या संकेतस्थळावरचं तांत्रिक माहितीचं पान छापून, आणि हे ध्वनिसंस्करणाचं उपकरण आहे, याचा हवेशी संबंध नाही, असं माझ्या सहीचं पत्र.

म्हणून ऑर्डर देतानाच दुकानाला मेल करा आणि बिलावर 'ऑडिओ सिग्नल प्रोसेसर' असं स्पष्ट लिहायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि कुरिअरला आधीच विचारून ठेवा की वस्तू तिच्या स्वतःच्या वर्गात दाखवणार की वैयक्तिक वापराच्या आयातीत. दोन्हींचे दर वेगळे असू शकतात, त्यामुळं त्याच खोक्याला रक्कम बरीच वेगळी लागू शकते. ड्यूटी नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, पाठवणावळ आणि विमा यांच्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि या सगळ्याच्या वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. मला कुरिअरचं शुल्क आणि गोदामभाडं धरून १७,४०० भरावे लागले. ९ ऑगस्टला माल सुटला, १३ ला मिरजेत घरी आला.

खोकं उघडल्याबरोबर प्लग लावायचा मोह झाला होता. लावला नाही, हे माझं नशीब. मागच्या बाजूला व्होल्टेजचा खटका ११५ वर होता. आपल्याकडं २३०. खटका फिरवायचाच, पण तेवढ्यानं भागत नाही. २३० ला करंट निम्मा लागतो, म्हणून फ्यूजही निम्म्या क्षमतेचा टाकावा लागतो. पुस्तिकेत दोन्ही आकडे दिलेले असतात. तो बारीक काचेचा स्लो-ब्लो फ्यूज मिरजेत दोन दुकानांत मिळाला नाही, सांगलीत मिळाला, वीस रुपयांना. चार घेऊन ठेवले.

१५ ऑगस्टला सुट्टी होती. केबल जोडल्या आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. काहीही वाजत नसताना. स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनाला किती आवाज आहे तो आलेख) बघितला तर ५० आणि १०० हर्ट्झला उंच सुळके. यंत्रच बिघडलंय असं वाटून पोटात गोळा आला. परत पाठवायचं म्हणजे ते सगळं कागदपत्र उलट्या दिशेनं करावं लागणार. नात्यातल्या एका वायरमनला बोलावलं. त्यांनी मीटर लावून सांगितलं की न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ११ व्होल्ट आहेत. घराचं अर्थिंग वीस वर्षांपूर्वीचं, खड्डा कोरडा ठाक. आजवर कळलं नव्हतं, कारण लॅपटॉप आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण) एवढंच होतं. नवा खड्डा, जीआय प्लेट, कोळसा आणि मीठ, मजुरी धरून साडेसहा हजार. नंतर मोजलं तर एक व्होल्टही नव्हता. घूं पूर्ण गेली. साध्या केबलच्या जागी बॅलन्स्ड (बाहेरची घूं न पकडणाऱ्या) केबल घेतल्या, त्याचे ३,२०० वेगळे. कुणी सांगेल की प्लगची अर्थची पिन काढून टाक, आवाज जातो. आवाज जातो हे खरं आहे, पण धातूच्या पेटाऱ्यात वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जाईल. असं कधीही करू नका.

त्यानंतरचा आठवडा लेव्हल जुळवण्यात गेला. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं चुकतं. अशा यंत्रांची नेहमीची पातळी प्लस ४ डीबीयू, म्हणजे १.२२८ व्होल्ट. मी लॅपटॉपमधून उणे १८ डीबीएफएसचा, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खालचा सूर सोडला आणि इंटरफेसच्या आउटपुटला मल्टिमीटर लावून तो तेवढ्या व्होल्टवर आणला. सगळे १ किलोहर्ट्झचा सूर घ्यायला सांगतात, पण साधा मल्टिमीटर तिथं नीट मोजत नाही. तो विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपास भरवशाचा असतो. म्हणून मी १०० हर्ट्झ घेतला.

मग उशीर. आवाज लॅपटॉपमधून बाहेर जाऊन यंत्रातून परत येतो, तेवढ्यात तो मागं पडतो. रीपरमध्ये रीइन्सर्ट नावाचं प्लगइन आहे. ते एक टिकटिक पाठवून परतीचा वेळ मोजतं आणि भरून काढतं. तरी एकदा हातानं तपासा. टिकटिक रेकॉर्ड करून, झूम करून, मूळ टिकटिकेशेजारी ठेवून बघा. मूळ आवाज आणि यंत्रातून आलेला आवाज एकत्र मिसळायचा असेल तर हे फार महत्त्वाचं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं (सॅम्पल) घेताना, २४ सॅम्पल चुकले तर अर्धा मिलिसेकंद होतो, आणि तेवढ्यानं १, ३, ५ किलोहर्ट्झला आवाजात खड्डे पडतात. पहिल्या दिवशी माझे टाळ पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटत होते, ते यामुळं. आणि एक गोष्ट, ११७६ च्या धाटणीच्या यंत्रात अटॅकचा नॉब उजवीकडं फिरवला की अटॅक जलद होतो. मला हे वाचून माहीत होतं, तरी पहिल्या संध्याकाळी उलटंच केलं.

खरं काम सुरू झालं सप्टेंबरात. प्लगइन एकाच वेळी वीस ठिकाणी लावता येतं. यंत्र एकच, तेही मोनो. म्हणजे एक ट्रॅक सोडायचा, तो अख्खा वाजू द्यायचा, परत आलेला आवाज नवीन ट्रॅकवर छापून घ्यायचा, मग दुसरा. आठ अभंग मिळून ५२ मिनिटं. बुवा, टाळांचे दोन माइक आणि पखवाज असे चार फेरे म्हणजे काहीही न चुकता साडेतीन तास. प्रत्यक्षात दोन आठवडे गेले. मधे गणपती आले. ७ सप्टेंबरपासून रात्री मंडपांच्या रोषणाईमुळं व्होल्टेज इतकं खाली जायचं की एका छापलेल्या ट्रॅकमध्ये अभंगाच्या मध्यावर पातळी ढळलेली सापडली. मग मी पहाटे पाचला उठून छापायला लागलो. बाहेर शांतता असो वा ढोल, या कामाला फरक पडत नाही, वीज तेवढी स्थिर लागते.

त्या पहाटेंबद्दल एक सांगतो. माउस न धरता, पडद्यावरच्या आकड्यांकडं न बघता, नुसत्या सुईकडं बघत नॉब फिरवायचा. बुवा तान घेऊन समेवर येतात आणि सुई त्यांच्याबरोबर खाली झुकते. जुलैत प्लगइनवर बुवांच्या आवाजाची सेटिंग मी कदाचित तीस वेळा बदलली असेल. इथं दोनदा ऐकून ठरवलं आणि छापलं. परत उघडता येणार नाही, हे माहीत असलं की कान वेगळ्या तऱ्हेनं ऐकतात.

२२ सप्टेंबरला सगळे परत आले. तात्यांनी हेडफोन लावला, पहिला अभंग पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "गेला त्यो." मला वाटलं, झालं, हार्डवेअर जिंकलं. पण बुवांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. चौथ्या अभंगात तिसऱ्या चरणाचा शेवटचा शब्द गिळल्यासारखा वाटतोय, आणि दोन अभंगांत त्यांच्या आवाजामागून टाळ उसळी मारतात. दुसरी तक्रार अगदी बरोबर होती. बुवांच्या माइकमध्ये टाळ आहेतच. बुवा थांबले की कॉम्प्रेसर मोकळा होतो आणि मागचे टाळ वर येतात. रिलीज, म्हणजे दाब सोडायचा वेग, हळू करून पुन्हा छापायला हवं.

प्लगइन असतं तर पाच मिनिटं. इथं मी नॉबचे फोटो काढून ठेवले होते, पण थोडे तिरके, आणि तिरक्या फोटोत काटा कुठल्या रेघेवर आहे ते नक्की कळत नाही. परत लावलं तर आधीच्या छापील ट्रॅकशी जवळजवळ एक डेसिबलचा फरक. यंत्र चालू करून लगेच छापलं की वेगळं, अर्ध्या तासानं वेगळं. तीन संध्याकाळी गेल्या. फोटो काढायचे तर अगदी समोरून काढा, आणि शेजारी वहीत घड्याळातल्या काट्यासारखं लिहा, 'इनपुट साडेदहा, आउटपुट दोन'. तपमानासाठी नेहमी अर्धा तास आधी चालू करा.

तिसऱ्या संध्याकाळी, त्या एक डेसिबलशी झगडताना मनात आलं की जुलैतल्या आणि आताच्या मिक्समध्ये मी पातळी कधी जुळवून बघितलीच नव्हती. जो आवाज किंचित मोठा तोच कानाला चांगला वाटतो, हे या कामात सगळ्यांनाच माहीत असतं. मग नीट चाचणी घेतली. दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणली, भाच्याला लॅपटॉपशी बसवलं आणि मी पाठ करून ओळखायचं. बुवांचा आवाज आणि टाळ, प्रत्येकी १६ वेळा. १६ पैकी १२ तरी बरोबर आले तर तो अंदाजपंचे नाही असं म्हणता येतं. बुवांच्या आवाजात मी ९ ओळखले. म्हणजे मला फरक कळत नव्हता, ज्या आवाजावर मी पहाटे पाचला एवढा भारावलो होतो त्यात! टाळांत मात्र १५. एकदा कानाला सवय झाल्यावर तात्यांचा तो दुसरा आवाज मलाही लख्ख ऐकू येत होता. तो खरा होता.

मग प्रश्न पडला, टाळांतच का?

नवरात्रातल्या एका रात्री प्लगइनमधून नुसता ९ किलोहर्ट्झचा सूर सोडला. टाळांचा आवाज तिथवर आणि त्याच्याही वर भरपूर असतो. कॉम्प्रेसर आवाजाला थोडा मोडतो, त्यातून त्या सुराच्या तिप्पट, पाचपट असे वरचे सूर तयार होतात: २७ आणि ४५ किलोहर्ट्झ. खऱ्या यंत्रात ते कानाच्या पलीकडं निघून जातात. पण ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २४ च्या वर जागाच नाही. तिथं पोचलेला सूर भिंतीवर आपटल्यासारखा मागं फिरतो. ४५ चा होतो ४८ वजा ४५, म्हणजे ३ किलोहर्ट्झ. ९ शी काही नातं नसलेला, बेसूर, आणि माणसाचा कान जिथं सगळ्यात तिखट असतो नेमका तिथं. पडद्यावर ३ किलोहर्ट्झला तो बारीक सुळका उभा होता. तात्यांनी तो जुलैतच ऐकला होता.

अटॅकचंही तसंच. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद. सगळ्यात जलद ठेवलं तर ११७६ चा अटॅक २०. एका सॅम्पलच्या आत काम उरकणाऱ्या यंत्राची नक्कल त्याच सॅम्पलांत करायची, म्हणजे प्लगइनला हलायलाही जागा नाही. त्यात मी टाळ फार वरच्या पातळीवर रेकॉर्ड केले होते आणि तसेच प्लगइनमध्ये सोडले होते, जे उणे १८ च्या आसपास गृहीत धरून बनवलेलं असतं. बुवांच्या आवाजात इतक्या वर फारसं काही नसतं, म्हणून तिथं फरक लागला नाही.

उपाय त्याच प्लगइनच्या कोपऱ्यात होता, ओव्हरसॅम्पलिंग नावाचं बटण. ते ४ पट केलं की आतलं काम १९२ किलोहर्ट्झला होतं, वरचे सूर तिथंच गाळले जातात आणि मग आवाज खाली आणला जातो. आत जाणारी पातळीही उतरवली. सुळका गेला. भाच्याला पुन्हा बसवलं आणि या वेळी टाळांत १६ पैकी ७ आले. बटण फुकट होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपची दमछाक होते एवढंच, म्हणून त्याला हिशोबाला जास्त उसंत मिळावी यासाठी बफर १०२४ वर ठेवला.

मला वाईट वाटलं का? त्या रात्री वाटलं, खूप वाटलं. ८७ हजारांत चांगले माइक आले असते. पण मग अर्थिंग नसतं झालं, आणि चाचणी घेण्याची वेळही आली नसती.

टाळ सगळे प्लगइनवर नव्यानं केले. बुवांचा आवाज सहा अभंगांत यंत्रातून छापलेलाच ठेवला, कारण त्या सेटिंग मनापासून पटलेल्या होत्या. ज्या दोन अभंगांत टाळ उसळत होते तिथं प्लगइन वापरलं आणि थांबलेल्या जागांची पातळी हातानं ओढली. चौथ्या अभंगातला तो शब्द कॉम्प्रेसरनं गिळलाच नव्हता. तिथं पखवाजाची थाप येते. पखवाज त्या क्षणापुरता दीड डेसिबल उतरवला आणि शब्द वर आला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज. कार्तिकीला नऊ दिवस होते. तात्या बहिणीकडं मिरजेत आले होते, तिकडून एकटेच आले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, यंत्राचं नाही आणि बटणाचंही नाही. हेडफोन लावून दिला. पहिल्या अभंगाचं धृपद संपायच्या आत त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. आठही अभंग ऐकले. मग हेडफोन काढून म्हणाले, "आता माजी जोडी वाजतीया," आणि पिशवीतून फराळाचा डबा काढला.

यंत्र विकलं नाही. माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारा) आणि इंटरफेस यांच्या मधे जोडून ठेवलंय. रेकॉर्डिंगच्या वेळीच बुवांचा आवाज त्यातून हलकासा, दोन-तीन डेसिबल दाबून घेतो. तिथं उशिराचा प्रश्न नाही, आणि बुवांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज सावरलेला मिळाला की ते मोकळे गातात. माघात पुढचं रेकॉर्डिंग आहे, या वेळी बारा अभंग. टाळांचे माइक आणखी हातभर वर टांगणार आहे.